कॅन्टीनचा माल

वडूजच्या बाजारपेठेत पोलिसांची गाडी थांबली आणि हवालदार इकडंतिकडं बघायला लागला की लोकांना एकदम कामं आठवतात. कुणाला गिरणीत ठेवलेलं दळण आठवतं, कुणाची म्हैस सुटते, एखाद्याला तर तिथल्या तिथं फोन येतो, आणि तो फोन वाजलेलाच नसतो. हवालदार पंच शोधतोय हे सगळ्यांनी ओळखलेलं असतं. पंच व्हायचं म्हणजे झडती चालू असताना दोन तास उन्हात उभं राहा, काय काय सापडलं ते बघा, कागदावर सही करा आणि चार वर्षांनी समन्स आलं की कोर्टात हेलपाटे घाला. ही फुकटची ब्याद कोण गळ्यात घेईल? म्हणून माणसं कटतात.

कटत नव्हता तो एकटा नानासो फडतरे. रिटायर सुभेदार. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून गावी आला आणि हायस्कूलच्या समोर त्यानं ‘जय जवान झेरॉक्स आणि स्टेशनरी’ थाटलं. हवालदारानं दुकानासमोर नुसतं येऊन उभं राहायचा अवकाश, नानासो शटर अर्ध्यावर ओढून, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला पेन लावून गाडीत बसलेला असे. चोरी असो, दारूचा अड्डा असो, पंच नंबर एक ठरलेला. सही करताना तो पूर्ण नाव लिहायचा आणि पुढं कंसात ‘सुभेदार, निवृत्त’ असंही लिहायचा. त्याला त्यात मान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच वाटायचा. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यापाशी पहिली खुर्ची त्याची. पहाटे मैदानावर भरतीला जाणाऱ्या पोरापोरींना पळवायचं कामही त्याचं, तेही फुकट. शिट्टी वाजली की अर्धं गाव जागं व्हायचं.

तर अशा या माणसाच्या दुकानात फेब्रुवारीतल्या एका सकाळी हवालदार आला आणि म्हणाला, चला सुभेदार, जोतीरामच्या टपरीची झडती आहे.

नानासोनं सवयीनं खिशाला पेन लावलं आणि मग जोतीरामचं नाव त्याच्या ध्यानात आलं. पण नाही कसं म्हणणार? आजवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आजच म्हटलं तर का म्हटलं, असं कुणीतरी विचारणारच. तो गाडीत बसला. टपरी दोनशे पावलांवर, तेवढ्या अंतरात त्यानं दोनदा पेन काढून परत खिशाला लावलं.

झडती कशासाठी ते अख्ख्या वडूजला ठाऊक होतं. दोन दिवसांमागं नववीतली प्रांजल नावाची पोरगी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. तिच्या दप्तरात ती सेलवरची सिगारेट निघाली. पोरं तिला वेप म्हणतात. दिसायला हायलायटर पेनासारखी, ओढली की आंब्याच्या वासाची वाफ येते. पोरगी दवाखान्यातनं बरी होऊन घरी आली, पण कुठनं आणलं ते सांगेना. मग कुणीतरी पोलिसांना सांगितलं, शाळेच्या कोपऱ्यावर जोतीरामच्या टपरीत असलं काहीतरी मिळतं.

आता जे वडूजला ठाऊक नव्हतं आणि नानासोला ठाऊक होतं, ते ऐका.

दिवाळीत जावई आला होता. वीरधवल, सांगलीला त्याचं मोबाईलचं दुकान. फराळ झाल्यावर त्यानं गाडीतनं एक खोकं काढलं आणि म्हणाला, मामा, हे काउंटरखाली ठेवा, मागितलं तरच द्या, लय खपतंय. यावर बंदी आहे ना, असं नानासोनं विचारलं. विचारलं बरं का, नाही असं नाही. जावई हसला. बंदी कागदावर असते, कोण बघतंय, म्हणाला. खोकं त्याच क्षणी परत गाडीत टाकायला पाहिजे होतं. पण नुकताच ओवाळून घेतलेला जावई, बायको शालूबाई आतनं बासुंदीची वाटी घेऊन येतेय, लेक संयोगिता नवऱ्याच्या तोंडाकडं बघतेय. बर्फात रात्र रात्र बंदूक धरून उभ्या राहिलेल्या माणसाची जावयापुढं जीभ हलली नाही. आमच्याकडं जावयाला नाही म्हणायला फौजेपेक्षा जास्त हिंमत लागते, ही आमची तऱ्हा.

खोक्यात पुदिन्याची होती, स्ट्रॉबेरीची होती आणि आंब्याची फक्त चार. पहिल्यांदा कॉलेजची मोठी पोरं येऊन घेऊन गेली. त्यांना मिशा फुटलेल्या, म्हणून नानासोनं मनाला समजावलं. मग एक दिवस मधल्या सुट्टीत प्रांजल आली. अंगात शाळेचा गणवेश, दोन वेण्या. ती म्हणाली, ‘आजोबा, मँगोचं आहे का?’

नानासोनं रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं खाली वाकून एक काढलं आणि कंपासपेटी द्यावी तसं तिच्या हातात दिलं.

आजोबा म्हणाली होती ती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, ही ब्याद दुकानातनं घालवायची. आता घालवायची तर विहिरीत टाकावी, जाळावी. पण जावई हिशेब विचारंल, आणि चांगला माल जाळायचा तरी कसा, असं त्याच्या मनात आलं. म्हणून त्यानं काय केलं? खोकं उचललं आणि जोतीरामच्या टपरीत नेऊन ठेवलं.

जोतीराम साधा माणूस. चहा, बिस्किटं, वडापाव. शाळेजवळ तंबाखू विकू नये असं सुभेदारानं एकदा बजावलं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी टपरीतनं विडी-गुटखा काढून टाकला होता. आणि आमच्या भागात मिलिटरी कॅन्टीनच्या मालाचं काय वजन आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. घरटी एक फौजी. साबण कॅन्टीनचा, मिक्सर कॅन्टीनचा, लग्नात नवरीला बॅग कॅन्टीनची. रिटायर माणसानं शेजाऱ्याला काही आणून दिलं की ते चांगलंच असतं आणि सरकारी असतं, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. तरी जोतीरामनं खोक्यात डोकावून एकदा विचारलं, ‘सुभेदार, ह्ये चालतं न्हवं?’

‘कॅन्टीनचं हाय रं जोती,’ नानासो म्हणाला.

झालं. जोतीरामनं खोकं आत सरकवलं. नानासो हलक्या अंगानं घरी आला आणि त्या दिवशी पोटभर जेवला. आठवलं की त्याला त्या जेवणाचीच जास्त लाज वाटायची.

तर आता त्या टपरीपुढं पोलिसांची गाडी थांबली होती. फौजदार भोइटे मॅडम तरुण होत्या, बदली होऊन दोनच वर्षं झालेली, पण कामाला चोख. दुसरा पंच म्हणून तलाठ्याला पकडून आणलेलं. हवालदारानं बिस्किटांच्या बरण्यांमागनं खोकं काढलं आणि एकेक नग फळीवर मांडला. पुदिना, स्ट्रॉबेरी, पुदिना. आंब्याचं एकही नव्हतं, कसं असणार? चारांतली तीन नानासोनं दुकानातच विकली होती आणि चौथं त्याच्या दुकानातल्या काळ्या ट्रंकेत पडून होतं. खोकं हलवल्यावर काउंटरखाली सापडलेलं, टाकून देऊ म्हणता म्हणता राहिलेलं.

मॅडमनी विचारलं, हे कुठनं आणलं? जोतीरामनं नानासोकडं बघितलं. त्या बघण्यात चुगली नव्हती, भीतीसुद्धा नव्हती. सुभेदार आलेत, आता काय काळजी, असं ते बघणं होतं.

‘कॅन्टीनचं हाय मॅडम,’ तो म्हणाला. ‘सरकारी.’

तलाठी हसला. हवालदारही हसला. मॅडम नानासोकडं वळल्या. ‘सुभेदार, तुम्ही फौजेतले. मिळतं का हो हे कॅन्टीनमध्ये?’

‘न्हाई,’ नानासो म्हणाला.

शब्द एकच, आणि तो खरा होता. अठ्ठावीस वर्षांत एवढा खरा आणि एवढा हलकट शब्द त्याच्या तोंडनं निघाला नव्हता. जोतीराम त्याच्याकडं बघत राहिला. हळूहळू त्याला कळलं आणि त्यानं मान खाली घातली. मॅडमनी परत विचारलं, कुणी दिलं? तो काही बोलला नाही. पुढं ठाण्यातही बोलला नाही.

मग मॅडमनी त्याला समजंल असं सांगितलं. ई-सिगारेट विकायला देशभर बंदी आहे, मोठ्या माणसाला विकली तरी गुन्हा. विकली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसती साठवली तरी सहा महिने. आणि इथं लहान पोरीला विकलेली आहे, म्हणून मुलांच्या कायद्याचं कलमही लावता येतं का बघतोय, त्यात सात वर्षांपर्यंत जाऊ शकतं. सात वर्षं म्हटल्यावर जोतीराम टपरीच्या पायरीवर बसला.

हवालदारानं पंचनामा वाचून दाखवला. शेवटी ठरलेलं वाक्य होतं, नानासोनं शंभर वेळा ऐकलेलं: वर नमूद इसमाशी अगर सदर गुन्ह्याशी आम्हा पंचांचा कोणताही संबंध नाही. नानासोनं पेन काढलं. पूर्ण नाव लिहिलं, कंसात सुभेदार निवृत्त लिहिलं. पेन परत खिशाला लावलं.

संध्याकाळी त्यानं वीरधवलला फोन लावला. जावई म्हणाला, मामा, तुमच्यावर कोण संशय घेतंय? गप्प बसा, माझं नाव मधी आणू नका. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. नानासो गप्प बसला. चार दिवस बसला. लोक दुकानात येऊन जोतीरामला शिव्या घालायचे, पोरांच्या जिवावर उठला म्हणायचे, आणि सुभेदार, तुमी होतासा म्हणून बरं झालं, असंही म्हणायचे. नानासो झेरॉक्स काढत राहायचा. मशीनच्या काचेवर त्याला स्वतःचं तोंड दिसायचं, म्हणून तो झाकण पटकन पाडायचा.

जोतीरामची पोरगी पल्लवी पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानावर सगळ्यांत पुढं पळायची. ती चार दिवस आली नाही. चौथ्या दिवशी जोतीरामला जामीन मिळाला आणि पाचव्या दिवशी पहाटे ती आली, पण पळाली नाही. बाकीची पोरं फेऱ्या मारत होती, ती नानासोपाशी येऊन उभी राहिली.

‘आबा, घरच्यावर केस असली की भरतीतनं नाव काढत्यात का?’

तसं काही नसतं बहुतेक, असं नानासो म्हणाला. पण नक्की त्यालाही माहीत नव्हतं.

‘बाबा कायच बोलंना झालाय. कुणी दिलं त्ये सांग म्हणलं तर भिंतीकडं तोंड करून झोपतोय.’ तिनं डोळे पुसले. ‘आबा, तुमी विचारा की त्याला. तुमचं ऐकतोय त्यो.’

नानासोच्या तोंडात शिट्टी होती. ती त्यानं काढून खिशात टाकली. पोरं शिट्टीची वाट बघत एक फेरी जादा पळाली.

त्याच दिवशी तो जोतीरामच्या घरी गेला. दार उघडल्यावर जोतीराम काहीतरी फेकून मारंल, निदान शिवी तरी देईल, अशी त्याची आशा होती. होय, आशाच होती. जोतीरामनं खुर्ची दिली, आतनं तांब्याभर पाणी आणलं. नानासोनं तांब्या तसाच खाली ठेवला.

माझं नाव का घेतलं नाहीस, असं त्यानं विचारलं.

‘घेणार हुतो की,’ जोतीराम म्हणाला. ‘दोनदा तोंडावर आलं. पण तुमी पंच. कागदावर तुमची सही. सुभेदाराचं खरं धरणार का टपरीवाल्याचं?’ मग म्हणाला, ‘पोरीकडं सापडलं त्ये आंब्याचं. आंब्याचं तर माझ्याकडं कवाच नव्हतं. त्ये तुमाला ठाव हाय.’

नानासोनं मान हलवली.

‘आन पल्लीला काय सांगू? ती तुमच्या शिट्टीवर उठती. पोरगी शिकती हाय तवर तिला कायतरी खरं वाटू द्या.’

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो अगदी सरळ बोलला. नानासो तिथनं उठला तेव्हा चपलाही उलट्या घातल्या, आणि निम्म्या वाटेत ध्यानात आलं तरी त्या सरळ करायला वाकला नाही.

घरी येऊन त्यानं शालूबाईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, सयूच्या संसाराचं काय? लेक सांगलीत जावयाच्या घरात, उद्या पोलीस त्याच्या दुकानात गेले तर तिचं काय होईल? शालूबाई बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली. मग म्हणाली, ‘त्या नववीतल्या पोरीची आईबी अशीच बसली आसंल.’ आणि उठून तिनं त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला.

सकाळी नानासोनं दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. पेन मात्र टेबलावरच ठेवलं.

ठाण्यात त्याला बघून हवालदार खूश झाला. सुभेदार, देवानंच पाठवलं, म्हणाला, औंध रस्त्यावर एक पंचनामा आहे आणि सकाळपासनं एक माणूस थांबायला तयार नाही. त्यानं चहा सांगितला. भोइटे मॅडमनी बसा म्हणून खुर्ची दाखवली. नानासो बसला नाही. अटेन्शनमध्ये उभा राहिला. पाय आपोआप जुळले, आणि मग त्याला तसं उभं राहायचीसुद्धा लाज वाटली, म्हणून त्यानं ते सैल सोडले.

‘मॅडम, पंच दुसरा बघा. झडती माझ्या दुकानाची हाय.’

मॅडमना आधी चेष्टा वाटली. हवालदार तर हसलाच. मग नानासोनं दिवाळीपासनं सगळं सांगितलं. जावयाचं नाव सांगितलं, सांगलीच्या दुकानाचा पत्ता सांगितला, प्रांजलला आंब्याचं आपणच दिलं ते सांगितलं, कॅन्टीनचं म्हणून जोतीरामला फसवलं ते सांगितलं. चहा आला आणि तसाच गार झाला. मॅडम लिहीत होत्या. मधेच त्यांनी वर न बघता विचारलं, पंचनाम्यावर सही केली तेव्हाही माहीत होतं? होतं, नानासो म्हणाला. मग त्या परत लिहायला लागल्या.

अकराच्या सुमाराला गाडी ‘जय जवान’समोर थांबली. हवालदार पंच शोधायला निघाला आणि बाजारपेठ रिकामी झाली. एरवी लोक त्रासाला भिऊन पळायचे, आज सुभेदाराच्या विरुद्ध सही कोण करणार म्हणून पळाले. नानासो आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसून हे बघत होता. आपण इतकी वर्षं सगळ्यांच्या ऐवजी उभे राहत होतो आणि त्याची किती मिजास बाळगत होतो, हे त्याला आत्ता बसल्या बसल्या कळत होतं. शाळेची मधली सुट्टी झाली. पोरं कुंपणाला येऊन चिकटली. जोतीरामची पल्लवी रस्त्याच्या पलीकडं वडाच्या झाडापाशी उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार. नानासोनं तिकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बघायचं धाडस केलं नाही.

शेवटी हायस्कूलचे मुख्याध्यापक आप्पासो जगदाळे स्वतःहून आले. दर सव्वीस जानेवारीला नानासोच्या गळ्यात हार घालणारे तेच. सोबत शाळेच्या ऑफिसातला कारकून. नानासोनं उठून नमस्कार केला. आप्पासोंनी चष्मा पुसायला घेतला आणि नमस्कार न बघितल्यासारखं केलं.

ट्रंक उघडली. फौजेतली जुनी काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव, हुद्दा, नंबर. आत रंगीत कागदांचे गठ्ठे, त्याखाली पदकांची डबी आणि डबीशेजारी आंब्याच्या रंगाचा तो एक नग. हवालदारानं तो चिमटीत धरून वर केला तशी कुंपणापाशी कुजबुज झाली. ट्रंकेवरचा नंबरसुद्धा पंचनाम्यात लिहिला. हवालदार एकेक आकडा मोठ्यानं विचारत होता आणि नानासो तो आपल्या तोंडानं सांगत होता.

मग वाचन झालं. वर नमूद इसमाशी अगर सदर गुन्ह्याशी आम्हा पंचांचा कोणताही संबंध नाही. या वाक्याला आप्पासोंनी पहिल्यांदा नानासोकडं बघितलं, लगेच खाली बघितलं आणि सही केली. कारकुनानं केली. नानासोनं खिसा चाचपला. पेन नव्हतं. आप्पासोंनी आपलं पेन दिलं, पण हातात नाही, ट्रंकेच्या झाकणावर ठेवलं.

नानासोनं ते उचललं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पंचांच्या सह्यांपाशी गेला. कागदावर टोक टेकलंसुद्धा.

‘तिथं नाही, सुभेदार,’ भोइटे मॅडम हळू म्हणाल्या. त्यांनी कागद थोडा वर सरकवला. ‘आरोपीची सही खाली.’

नानासोनं हात खाली घेतला आणि नाव लिहिलं. नुसतं नानासो फडतरे. कंसात काही लिहिलं नाही.